टेपचं मुकं टोक

आमच्या धंद्यात शिरायला दोनच दारं आहेत. एक तर बाप या धंद्यात असावा लागतो, नाहीतर सासरा. तिसरं दार सरकारने कागदावर ठेवलंय खरं, पण त्याला आतून कडी आहे.

'आमचा धंदा' हे मी आपलं सवयीने म्हणते. धंदा माझ्या नवऱ्याचा, एमिल हुडाकचा. कुणी घरासाठी कर्ज मागितलं की बँकेला जाणून घ्यायचं असतं, या घराची खरी किंमत काय? मग एमिल जातो, घर बाहेरून मोजतो, आतून बघतो, आसपासची घरं कोणत्या भावाने गेली ते ताडून पाहतो आणि अहवाल लिहितो. त्याच्याआधी हेच काम माझे पपा करायचे. आणि दोघांच्याही वेळी टेपचं एक टोक धरायला मी. ज्या टोकाला डबी असते आणि आकडा वाचायचा असतो, ते मोजणाऱ्याचं. दुसरं भिंतीच्या कोपऱ्याला नुसतं दाबून धरायचं. त्याला धंद्यात मुकं टोक म्हणतात. ते मी शाळेत जात होते तेव्हापासून धरते आहे.

पलीकडून ओरडायचं, "धरलंस?" आणि अलीकडून मी म्हणायचं, "धरलंय." आमच्या संसारातलं निम्मं बोलणं या दोन शब्दांत झालं असेल.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते. सकाळभर चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पिरोगींना, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्यांना, मुरड घालून मी घरी आले, तर रोशेल पेटिफर्ड आमच्या पायऱ्या चढत होती. चौथी खेप तिची. रोशेल शाळेची पिवळी बस चालवते. सकाळी मुलं पोचवली की दुपारी शाळा सुटेपर्यंत मोकळी. बस खाली चर्चच्या अंगणात लावून ती टेकडी चढून आली होती.

एमिलने दार उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रस्त्यावरची आमची खुर्ची हलवली नाहीस ना?"

ती खुर्ची म्हणजे आमच्या गाडीची राखीव जागा. स्वयंपाकघरातली मोडकी खुर्ची रस्त्यात ठेवली की इथे कुणी तिला हात लावत नाही.

"मिस्टर हुडाक," रोशेल म्हणाली, "मी याच गावात जन्मले. माणसाचा पाय मोडीन, पण खुर्ची नाही हलवायची."

मला ही बाई पहिल्या खेपेलाच आवडली होती. मी तिला आत घेतलं, कॉफी दिली, अक्रोडाच्या रोलची जाड फोड कापून समोर ठेवली.

तिचं दुखणं साधं होतं. मूल्यांकनाचे सगळे वर्ग तिने केले होते, परीक्षा दिल्या होत्या, चांगल्या गुणांनी पास झाली होती. पण त्याने लायसन्स मिळत नाही. आधी कुणातरी जुन्या लायसन्सवाल्याच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते, एक हजार तासांहून जास्त. आणि 'हिला मी शिकवतो, हिच्या कामाची जबाबदारी माझी' अशी सही त्याने केल्याशिवाय उमेदवारीचा पहिला तासही धरला जात नाही. सही कुणी देईना. जिल्ह्यात एकाने सांगितलं, मी आता निवृत्त होणार. तो अजून झालेला नाही. दुसरा म्हणाला, माझा मुलगा येतोय हाताखाली. तिसरा दोन वर्षं 'पुढच्या महिन्यात ये' म्हणत होता. आणि केलेले वर्गही ठरावीक मुदतीनंतर शिळे होतात. रोशेलचे येत्या मे महिन्यात होणार होते. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा.

"आता तुम्हीच उरलात," ती म्हणाली.

"म्हणजे मी तुला शिकवायचं," एमिल म्हणाला, "घराघरांतून बरोबर हिंडवायचं. बँका म्हणणार, उमेदवार नको, तू स्वतः आत जा. म्हणजे काम दुप्पट. तुझ्या चुकीला माझं लायसन्स टांगायचं. आणि तयार झालीस की तू समोरच्या गल्लीत पाटी लावणार. असंच ना?"

"समोरच्या गल्लीत नाही," रोशेल म्हणाली. "दोन गल्ल्या सोडून लावीन."

मी हसले. एमिल नाही हसला.

तिने सरावासाठी स्वतःच्याच घराचा अहवाल करून आणला होता. एमिलने चष्मा चढवला, पानं उलटली आणि एका ठिकाणी थांबला.

"दोन बाथरूम?"

"हो. एक वर, एक खाली."

"खाली म्हणजे तळघरात?"

"हो."

"त्याला भिंती आहेत?"

"नाहीत."

"दार?"

"दार कुठून असणार? कपडे धुवायच्या मशीनशेजारी कमोड आहे नुसता. सगळ्यांच्याच घरी असतो की."

एमिल इतका हसला की त्याला खोकला आला. सगळ्यांच्या घरी असतो, ही गोष्ट खरी. पोलादाच्या भट्ट्या चालू होत्या तेव्हा माणसं काळीठिक्कर होऊन यायची आणि मागच्या दाराने सरळ तळघरात उतरायची. आमच्या खोऱ्यातल्या जुन्या घरांत हा उघडा कमोड असतोच, आणि लहानपणापासून बघितलेला असल्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण मूल्यांकनात तळघर राहत्या घरात धरत नाहीत, आणि भिंतीवाचून बाथरूम तर कुठेच होत नाही.

"बघितलंस?" एमिल मला म्हणाला. "हिच्यावर सही करू मी?"

रोशेलने अहवाल परत घेतला आणि कडा जुळवून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "माझ्या आईने छपराच्या दुरुस्तीसाठी कर्ज मागितलं होतं. घराची किंमत ठरवायला एक जण आला. गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली केली, एक फोटो काढला आणि गेला. त्याने लिहिलेल्या किमतीवर बँकेने नाही म्हटलं. आई गेली तोवर छप्पर गळतच होतं. तेव्हाच मी ठरवलं, या कामात एखादं तरी माणूस गाडीतून उतरणारं हवं."

एमिल रोलचा चुरा बोटाने गोळा करत बसला. मग म्हणाला, "मला नाही जमायचं, पोरी. वय झालं माझं."

उरलेला रोल मी कागदात बांधून तिच्या हातात दिला. दुसरं काय देणार होते मी?

ती गेली आणि माझं डोकं फिरलं. नवरा माझा गुणी आहे. चाळीसच्या वर वर्षं झाली, मला त्याच्याशेजारी झोपल्याशिवाय झोप येत नाही. पण त्या क्षणी कॉफीचं भांडं त्याच्या डोक्यावर पालथं घालावंसं वाटलं.

"तुझ्या पहिल्या अहवालात काय होतं आठवतं का रे?" मी विचारलं.

"काय होतं?"

"क्रेवर रस्त्यावरचं घर. तळघरातला कमोड तूही बाथरूम म्हणून मोजला होतास. पपांनी हसून खोडला. का हसले माहीत आहे? तू जावई होणार होतास म्हणून. पोलादाच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पोर, हाताला काम नाही, पण आमच्या बर्नडीनशी लग्न करतोय, तर घ्या त्याला हाताखाली. रोशेलला सासरा नाही, हाच तिचा गुन्हा."

"बर्नी, मी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं—"

"मीपण होते बरोबर. तुझ्याही आधीपासून. पपांना एकदा म्हटलं होतं, मलाही शिकायचंय. ते म्हणाले, तू टोक छान धरतेस."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज तोंडातून निघून गेलं.

"मला कधी बोलली नाहीस," एमिल हळूच म्हणाला.

"तू कधी विचारलंस?" मी म्हटलं. "आणि आता ऐक. सोमवारपासून मी टोक धरणार नाही. ज्याला धरायचं त्याने धरावं."

एमिलला वाटलं, रविवारच्या जेवणापर्यंत राग उतरेल. रविवारी मी त्याच्या आवडीच्या कोबी घातलेल्या नूडल्स केल्या, वरून लोणी सोडलं, गोड बोलले, आणि सोमवारी जागची हलले नाही. तो एकटाच गेला. भाचीने नाताळात दिलेलं लेझरचं यंत्र बरोबर नेलं, तर उन्हात त्याचा लाल ठिपकाच दिसेना. म्हणून टेप काढला आणि टोकाची कडी त्या घरच्या अंगणातल्या मेरीमातेच्या पुतळ्याच्या हातात अडकवली. टेप ताणल्यावर मेरीमाता तोंडावर आपटली. घरमालकीण म्हातारी बाहेर आली आणि तिने एमिलला स्लोव्हाक भाषेत जे ऐकवलं, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही. मी म्हातारीकडूनच ऐकलं.

संध्याकाळी तो फोनजवळ बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी त्याने रोशेलचा नंबर फिरवला.

"उद्या मोकळी आहेस का? टोक धरायला कुणीतरी हवंय. सही-बिही काही नाही हं, नुसतं धरायचं."

पलीकडे ती काय म्हणाली, ते मला सिंकपाशी उभं राहूनही ऐकू आलं. बस चालवणाऱ्या बाईचा आवाज तो.

"टोक धरायला नाही येणार, मिस्टर हुडाक. वाचायला येईन. टोक तुम्ही धरा."

एमिलने माझ्याकडे पाहिलं. मी बशी पुसत होते. पुसतच राहिले.

"एकदाच," तो फोनमध्ये म्हणाला. "बँकेला शुक्रवारी अहवाल हवाय म्हणून."

हे घर नदीपलीकडे होतं. पुलावरून गाडी चालवायला एमिलचे डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून गाडी मी नेली. पण आधीच बजावलं, "मी गाडीतच बसणार. संप म्हणजे संप."

घर उतारावरचं होतं, विटांचं, मागे स्वयंपाकघर नंतर वाढवलेलं. रोशेल वेळेवर आली, बस कोपऱ्यावर लावली. हातात फळी, कागद, कानाला पेन्सिल. एमिलने टेप तिच्यापुढे केला. इतक्या वर्षांत ती डबी दुसऱ्याच्या हातात गेलेली मी पाहिली नव्हती. टोक घेऊन तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला.

"धरलंत?" रोशेल ओरडली.

"धरलंय," एमिल म्हणाला.

गाडीच्या काचेतून मी बघत होते. हसू आवरत नव्हतं.

सगळं घर मोजून झाल्यावर रोशेलने गाडीच्या बॉनेटवर, माझ्या डोळ्यांसमोरच, आकृती काढायला घेतली. एका कोपऱ्यापासून निघायचं, प्रत्येक भिंत मापाने काढत जायचं, आणि शेवटची रेघ निघालो त्याच कोपऱ्यावर परत आली पाहिजे. आली तर घर जुळलं. नाही आली तर कुठेतरी चूक. रोशेलची रेघ आली नाही. घराच्या मापाने तळहाताएवढी फट राहिली.

"पुन्हा वाच," एमिल म्हणाला.

पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढीच फट.

एमिलने कपाळाला आठी घातली. "आकडा वाचणं म्हणजे खायचं काम नाही. म्हणूनच मी म्हणत होतो." रागाने नाही म्हणाला, थकून म्हणाला, आणि ते जास्त वाईट होतं. रोशेलने कागदाकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं. या बाईला मी बसमधल्या दांडगट पोरांना एका नजरेत गप्प बसवताना पाहिलंय. आता तिची नजर वर उठेना.

"माझंच चुकत असेल," ती म्हणाली. "माफ करा, तुमचा दिवस घालवला." आणि तिने कागद गोळा करायला सुरुवात केली.

चूक तिची नव्हती. पहिल्याच फेरीत मला ती दिसली होती. एमिलची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. चिमटीत त्याला टेपची कडी धरवत नाही. म्हणून तो टेपचं टोक मुठीभोवती गुंडाळून मूठ कोपऱ्याला लावत होता. त्यामुळे प्रत्येक भिंत थोडी जास्त भरत होती. नुसता चौकोनी खोका असता तर समोरासमोरच्या भिंती सारख्याच फसल्या असत्या आणि कुणाला काही कळलंही नसतं. पण या घराची पुढची बाजू एकसलग होती आणि मागची, स्वयंपाकघर वाढवल्यामुळे, दोन तुकड्यांत. पुढे एकदा मूठ, मागे दोनदा. ती उरलेली एक मूठ म्हणजेच ती फट.

खरं सांगते, मी क्षणभर बसून राहिले. तिच्यादेखत नवऱ्याची चूक काढायची? या माणसाची बोटं कशाने वाकडी झाली ते मला माहीत आहे. आयुष्यभर थंडीवाऱ्यात घरं मोजून, आमच्यासाठी. पण समोर रोशेल पिशवीची चेन ओढत होती. ती चेन बंद झाली असती की तिचं सगळंच बंद झालं असतं.

मी गाडीतून उतरले.

"ती बरोबर वाचतेय," मी म्हटलं. "एमिल, मूठ दाखव."

"काय?"

"टोक होतं तसं धर आणि मूठ दाखव."

त्याने टोक धरलं. मग त्याने स्वतःच खाली पाहिलं. मुठीवरच्या वेढ्यांत टेपचे सुरुवातीचे आकडे दिसत होते. रोशेलनेही ते पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"तू कसं धरायचीस?" एमिलने विचारलं.

मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. गार पडली होती. कडी त्याच्या तळव्याखाली ठेवली आणि तळवा सपाट करून विटेवर दाबला. "बोटांनी नाही धरायचं. हाताने भिंतीला टेकवायचं. असं. माझीही बोटं काही कोवळी राहिलेली नाहीत."

"माझी सगळी घरं जुळायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी चांगला मोजतो."

"चांगलाच मोजतोस. पण टेपला टोकं दोन असतात, बाबा."

त्याचे डोळे भरले. उन्हाने नाही. आणि मी काही वेगळी नव्हते. रोशेलने मोठ्या समजुतीने छपराच्या पन्हळीकडे बघायला सुरुवात केली.

तिसऱ्यांदा मोजलं. रोशेलने रेघ काढत आणली, आणि शेवटच्या भिंतीची रेघ अशी अलगद पहिल्या कोपऱ्यावर येऊन टेकली की मी टाळीच वाजवली.

एमिलने हात पुढे केला. "तो कागद कुठाय तुझा?"

"कुठला?"

"चार वेळा माझ्या घरी घेऊन आलीस तो."

तिने तो पिशवीतून काढला. घडीवर घडी पडून मऊ झाला होता. एमिलने बॉनेटवर ठेवून सही केली, वाकड्या बोटांनी, वेळ घेत. सही करताना कुरकुरत होता, "आता सुपरवायझर व्हायचं म्हणून मलाही एक वर्ग करायला लावणार ते. या वयात बाकावर बसायचं. आणि एक सांगून ठेवतो, तळघरातला कमोड मोजायचा नाही."

"मोजणार नाही," रोशेल रडत आणि हसत म्हणाली. "पण खाली वेगळ्या ओळीत लिहीन. आहे तर आहे."

"लिही," एमिल म्हणाला. "मीही लिहितो."

शाळा सुटायची वेळ झाली होती. तिने मला मिठी मारली, एमिलला मारू की नको असं झालं, मग त्यालाही मारली आणि बसकडे धावली. शाळेच्या बसने उगाच हॉर्न वाजवायचा नसतो. तिने उताराच्या टोकापर्यंत वाजवला.

आम्ही दोघं उरलो, आणि मागचं गॅरेज मोजायचं उरलं.

एमिलने सवयीने डबी उचलली आणि कोपऱ्याकडे निघाला. चार पावलांवर थांबला, परत आला. त्याने डबी माझ्या हातात दिली, टोकाची कडी घेतली आणि टेप सोडत सोडत गॅरेजच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेला. तिथे वाकला, गुडघा कटकन वाजला तो मला इकडे ऐकू आला. हात सपाट करून त्याने भिंतीला टेकवला, अगदी मी दाखवला होता तसा, आणि माझ्याकडे बघत थांबला.

मी डबी अलीकडच्या कोपऱ्याला लावली.

"धरलंस?" मी ओरडले.

"धरलंय, बर्नी," एमिल म्हणाला. "वाच तू."